मी गाळायला लावलेलं कडवं

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. लग्न होऊन गेल्यावरही मी निरोपच धाडायचे, आठवडी बाजाराला येणाऱ्या कोणाच्या तरी तोंडी, आणि तुझा उलटा निरोप यायचा तोही ठरलेला, "बरी आहो म्हनाव, आन् पोरीले म्हनाव जेवत जाय." तुला जाऊन सदतीस वर्षं झाली. आता बाजारात तुझ्याकडून आलेलं कोणी भेटत नाही, म्हणून शेवटी लिहायला बसले. मी आज ज्या वयाची आहे त्या वयापर्यंत तू पोचलीच नाहीस. आरशात बघते तर तुझ्याहून म्हातारी बाई दिसते, आणि तरी तुला लिहिताना मी सातवीतली पोरगीच होते.

आधी माझी खबर सांगते, नाहीतर तू म्हणशील, पोरगी मधातूनच सुरू झाली. मी आता गोंदियाजवळ मुर्रीला राहते, लेकाकडे. अंगणवाडीत तीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना अ-आ शिकवून मोकळी झाले आणि मग आपलंच अर्धवट राहिलेलं शिकायला बसले. दहावीनंतर माझी शाळा म्हणजे किराण्याच्या पुडीचा कागद. साखर डब्यात ओतायची, कागद हातानं सरळ करायचा आणि वाचायचा. अर्धी बातमी, अर्धी गोष्ट, कधी एखाद्या कवितेचं नुसतं शेपूट. त्या पुड्यांवर मी बी.ए.पर्यंत पोचले असं म्हटलं तर ते फार खोटं नाही. मग सून म्हणाली, आता एम.ए. कराच. घातलं नाव, बाहेरून. दर रविवारी गोंदियाला एका कॉलेजात वर्ग भरतो आणि वर्गात सगळी माझ्या नातीच्या वयाची. पहिल्या दिवशी दारातल्या शिपायानं मला अडवलं, "अम्मा, पेरेंट मीटिंग आज नहीं है." मी म्हटलं, "बच्ची मैं ही हूँ, भैया." त्यानं दार उघडलं, पण पुढचे चार रविवार मला बघून तो तोंड फिरवून हसायचा.

आम्हाला शिकवणाऱ्या मॅडम तिशीतल्या आहेत. मला मावशी म्हणतात, पण कामात मावशीपणा चालू देत नाहीत. त्यांची रीत अशी की दर आठवड्याला नेमून दिलेला एक लेख वाचायचा आणि वाचताना मनात जे आलं ते वहीत लिहून आणायचं. लेखात काय आहे ते मला ठाऊक आहे, तुमच्या मनात काय आलं ते सांगा, असं त्या म्हणतात. आणि वर्षाच्या शेवटी याच वाचनातून विषय काढून प्रत्येकानं एक शोधनिबंध करायचा. पहिल्या लेखात होतं, संशोधकानं तटस्थ राहावं. मी वहीत लिहिलं, चुलीपुढे बसलेल्या बाईला तटस्थ राहता येत नाही, तिला धूर लागतोच. मॅडमनी खाली लाल पेनानं लिहिलं, "मग धूर लागला हे निबंधात सांगायचं." दुसऱ्या लेखात एक शब्द आला, माहितीदार. मला वाटलं पोलिसांचा खबऱ्या. पुढे वाचल्यावर कळलं, ज्याच्याकडून आपण गाणं, गोष्ट, चालीरीत ऐकून घेतो तो माणूस. त्याचं नाव टिपायचं, वय टिपायचं, गाव टिपायचं, आणि त्याची परवानगी घ्यायची. एवढं वाचलं आणि मी वही मिटली. का मिटली ते त्या आठवड्याच्या टिपणात लिहिलं नाही. लिहिलं, "डोळे दुखत होते."

तिसऱ्या लेखात तू भेटलीस.

लेख होता काम करताना म्हणायच्या गाण्यांवर. दळणाची, कांडणाची, मोटेची, आणि शेवटी तीन पानं आपल्याकडच्या धानाच्या रोवणीच्या गाण्यांची. मी दुपारचं जेवून, खरकटं ताट तसंच बाजूला सारून वाचत होते. पान उलटलं आणि तुझं गाणं समोर. "हिरवा पऱ्हा बाई, कोणत्या बांधीत रोवू, पाण्याच्या पाठीवर पाऊल कसं ठेवू." पाच कडवी, एकाखाली एक, धुऊन पुसून शाळेच्या भाषेत बसवलेली. खाली बारीक अक्षरात टीप, चोरखमाऱ्याच्या बाजूच्या एका निरक्षर रोवणारणीकडून ऐकलेलं. आणि त्यावर लेखकाचं म्हणणं असं की रोवणीचं गाणं सगळ्या टोळीचं असतं, म्हणून त्यात गाणारीचं स्वतःचं दुःख येत नाही. हे गाणं त्याचा पूर्ण नमुना आहे. "पूर्ण" ह्या शब्दावर माझं बोट थांबलं ते उचलेचना. कारण ते पूर्ण नाही. त्याला सहावं कडवं होतं, आणि ते गाळायला मी लावलं होतं. ताटातली शितं वाळून गेली. नातीनं येऊन विचारलं, "आजी, डोळ्यात काय गेलं?" मी म्हटलं, "अक्षर लहान आहे गं फार."

मी सातवीत आहे. नहराला तलावाचं पाणी सुटलंय, रोवणी ऐन भरात आली आहे. मालकाच्या पाणी भरलेल्या मोठ्या बांधीत तुमची बारा बायांची टोळी उतरली आहे, लुगडी गुडघ्यावर खोचून, एका ओळीत. रोवणारी बाई पुढे जात नाही, ती मागे मागे सरकते. तिच्या पुढ्यात हिरवं वाढत जातं आणि ती तोंड त्या हिरव्याकडे ठेवून उलट्या पावलानं चिखलात. गाणंही तसंच चालतं. तू एक ओळ टाकायचीस, बाकीच्या ती उचलायच्या, तेवढ्यात तुझा हात पऱ्ह्याच्या रोपांच्या पुढच्या पेंडीला. त्या दिवशी शहराकडचे एक सर आले, पॅन्ट दुमडलेली, बूट हातात, काखेत वही. गाणी गोळा करतात म्हणे. बाया खुदखुदल्या. "गानी का मोहाची फुलं होय जी, येचून न्याले?" असं कोणीतरी म्हटलं. सरांनी तुला विनवलं की बाई, वर कोरड्यात धुऱ्यावर बसून निवांत सांगा. तू म्हणालीस, "बसून नाई येत जी. हात चालला त गानं चालते." मग सर धुऱ्यावर उभे, तू चिखलात, आणि तुझी बोली त्यांना पुरती कळेना म्हणून मधे मी, शाळेत मराठीत पहिली येणारी, म्हणून गुरुजींनी सरांबरोबर धाडलेली. तुझी ओळ मी ऐकायचे, शाळेच्या भाषेत करून सांगायचे आणि सर लिहायचे. बेडकासारखी फुगले होते मी.

पाच कडवी झाली. ती गावात सगळ्यांनाच यायची, मलाही यायची. मग तू सहावं उचललंस. हे मी कधीच ऐकलं नव्हतं, कारण रोवणीच्या दिवसांत तू मला बांधीच्या आसपास फिरकू द्यायची नाहीस. माझ्या वयाच्या पोरी पेंड्या फेकायच्या, बायांच्या हाताशी राहायच्या, शाळेला बुट्टी मारून चिखलात खिदळायच्या. मला शाळा चुकवायची सोय नव्हती आणि धुऱ्याखाली पाय टाकायची तर बंदीच. रडले तरी तुझं एकच, "एक देल्ली चिखलाले, बस झालं." ती एक म्हणजे माझ्या आधीची तुझी लेक. सहा महिन्यांची असताना तू तिला धुऱ्यावर घोंगडीत निजवून रोवणीला उतरलीस. दिवसभर झड लागली. तिसऱ्या दिवशी ती तापानं गेली. आपल्या घरात हे कोणी बोलत नसे. पण तुझ्या पेटीत एवढंसं एक अंगडं होतं आणि पोळा झाला की तू ते उन्हात टाकून त्याच्याजवळ बसायचीस, कावळे हाकलल्यासारखं करत. मला दिसायचं.

तू गायलीस, "धुऱ्यावर निजवली," आणि मग तिचं नाव घेतलंस, "पाण्यानं उचलली." टोळीनं ओळ उचलली. बारा बायांच्या गळ्यातून तिचं नाव त्या सगळ्या पाण्यावरून गेलं. सरांनी पेन धरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सर, हे नका लिहू. हे गाण्यातलं नाही. हे ती आपल्या मनानं घालते." सर म्हणाले, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." त्यांनी लिहायला घेतलेला शब्द खोडला. तुला सगळं ऐकू गेलं, पाण्यावरून आवाज लांब जातो. तुझा हात पेंडीवर थांबला. बाकीच्या वाकलेल्याच मान वळवून तुझ्या पुढच्या ओळीची वाट बघत होत्या. ओळ आली नाही. तू खाली वाकलीस आणि नुसतीच रोवत राहिलीस, आणि तुझ्या दोन्ही बाजूंना टोळी मुकी. फक्त चिखलात हात जाण्याचा आणि निघण्याचा आवाज. जाताना सरांनी गाणारीचं नाव विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "नावाचं काय काम जी." मीही पुढे होऊन सांगितलं नाही. मदत केली म्हणून मला त्यांनी शाईचं पेन दिलं, निळं, सोनेरी टोपणाचं.

त्या संध्याकाळी तू चुलीपुढे लाखोळीची डाळ घोटत होतीस आणि मी तुला पेन दाखवत होते. तू मला शिव्या दिल्या असत्यास, एक फोडणीचा चमचा मारला असतास, तर मी केव्हाच सुटले असते. तू पेन हातात घेतलंस. दिवसभर पाण्यात राहून पांढऱ्या पडलेल्या बोटांत ते फिरवून बघितलंस आणि म्हणालीस, "चांगलं आहे. यानं लिवता येते, आन् खोडता बी येते." एवढंच. मग डाळ उतरवलीस आणि पहिली माझ्या ताटात वाढलीस. त्याच पेनानं मी दहावीचे पेपर लिहिले, माय. निकालाच्या दिवशी तू गावभर साखर वाटलीस आणि विचारणाऱ्या प्रत्येकीला सांगितलंस, "माही पोरगी कदी चिखलात नाई उतरली." मला तेव्हा ते हिणवल्यासारखं वाटलं होतं. तुझ्या तोंडी ती केवढी मोठी गोष्ट होती, हे कळायला मला माझी पोरं व्हावी लागली.

तुझ्या शेवटच्या दिवसांत मी उशाशी होते. तुला धाप लागायची, बोलणं तुटायचं. एका दुपारी तू भिंतीकडे तोंड करून पडली होतीस आणि तुझा उजवा हात गोधडीवर चालत होता, अंगठा आणि दोन बोटं, काडी धरायची, खुपसायची, सोडायची. माझ्या ओठावर आलं होतं की माय, ते कडवं पुढे कसं होतं. विचारलं नाही. म्हटलं, हिला बरं वाटलं की विचारू. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, माझा कळसा काखेतच फुटला.

निबंधाचा विषय ठरवायच्या रविवारी मी मॅडमना हे सगळं सांगितलं, एक गोष्ट सोडून. त्या बराच वेळ पेनाचं टोपण उघडत-लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "मावशी, विषय तर तुम्ही घरूनच आणलात. छापलेलं गाणं अपुरं आहे, आणि ते अपुरं कसं झालं. पण पुरावा काय?"

मी म्हटलं, "मीच."

"तुम्ही साक्षीदार झालात. आणि आरोपीही तुम्हीच." त्या हसून म्हणाल्या, पण मला बसायचं तिथे बसलं. मग त्यांनी माझ्या वहीत चार चौकोन आखून दिले. प्रश्न काय आहे, आधी कोण काय म्हणालं, आपल्याला काय सापडलं, आणि काय सापडलं नाही. "ह्या चौथ्या चौकोनाला सगळे घाबरतात," त्या म्हणाल्या, "तुम्ही घाबरू नका. आणि उरलेलं कडवं म्हणणारं कोणी जिवंत आहे का ते आधी शोधा." घरी येऊन मी आखणी करायला बसले. धान पिकवणाऱ्याला आखणी शिकवावी लागत नाही. आधी एका कोपऱ्यात दाट पऱ्हे टाकायचे, ते वाढले की उपटून मोठ्या बांधीत अंतर ठेवून लावायचे. माझे पऱ्हे दाट आले होते. मला अंतर ठेवता येत नव्हतं. चार वेळा पहिलं पान लिहिलं आणि चारही वेळा "माहितीदार" लिहायच्या जागी "माय" लिहिलं गेलं.

तुझ्या टोळीतली एकच बाई आता आहे. तुझ्या उजव्या हाताला रोवायची ती काकी, सगळ्यात मोठ्यानं हसणारी. नातीनं चार ठिकाणी फोन लावून पत्ता काढला, ती दरेकशाला लेकीकडे राहते म्हणून. आम्ही दोघी पॅसेंजरनं गेलो. स्टेशन एवढंसं, खाली उतरलो तर आम्ही आणि जंगलाची शांतता. काकी अंगणात उन्हाला बाजेवर बसली होती. मी तुझं नाव सांगितलं तेव्हा तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ ओढला.

"बुढी झालीस वं."

"तुम्ही नाही झालात का, काकी?"

"मी त पयलेपासूनच होतो." मग ती नातीकडे वळली. "हे कोन? हिले तरी बांधीत उतरू देतेस, का मायसारखंच?"

नात म्हणाली, "आमच्याकडे आता बांधीच नाही, आजी."

"मंग खेळ खतम," काकी म्हणाली आणि तोंडभर हसली.

मी सहाव्या कडव्याचं विचारलं. तिला आधी हे हवं होतं की कशाला पाहिजे. "परीक्षेत इचारतेत का?"

"नाही. मला लिहायचं आहे."

"आता कायले? तवा त तूच नको म्हटलं."

अंगणात एक कोंबडी पायानं उकरत होती, तिच्याकडे बघत मी म्हटलं, "हो काकी. मीच नको म्हटलं."

"त्या दिवसापासून तुझ्या मायनं त्याले तोंड नाई लावलं. आमी म्हनो, टाक वं, आमी उचलतो. तुझी माय म्हने, नाई, ते गान्यातलं नाई." तिनं हे मला टोचायला म्हटलं नाही. तिला आठवलं तसं सांगितलं. पण ते शब्द माझे होते, माय. तू ते माझ्याकडून घेतलेस आणि मरेपर्यंत वापरलेस.

मी म्हटलं, पहिल्या दोन ओळी मला येतात, पुढचं सांगा. काकीनं डोळे मिटले. तिला बसल्या बसल्या जमेना. तिचा हात बाजेच्या दोरीवर चालायला लागला, अंगठा आणि दोन बोटं, तेव्हा कुठे आवाज निघाला. "धुऱ्यावर निजवली," आणि थोरलीचं नाव, "पाण्यानं उचलली." आवाज सुतासारखा बारीक झालेला, पण चाल तीच. मग आवाज थांबला. हात चालत राहिला. बराच वेळ नुसता हात.

"सबद नाई येत बाई," ती म्हणाली. "थोरलीच्या ह्या दोन ओळी झाल्या का मंग तुझ्या दोन."

"माझ्या?"

"तुझ्याच त. तुझं नाव घे, आन् काई त म्हने. हिले नाई देत चिखलाले, असं काई. दोघी बहिनीईचं होतं ते. आमी तुझंच जोरानं म्हनो, काऊन का तू जित्ती होतीस." तिनं डोळे उघडले. "तुले नाई माईत?"

मला नव्हतं माहीत. परतीच्या गाडीत नात खिडकीशी बसली होती आणि तिनं माझा हात धरून ठेवला होता. सालेकसा गेलं, आमगाव गेलं, गोंदिया आलं तरी तिनं तो सोडला नाही.

त्या आठवड्याचा नेमलेला लेख काय असावा, तर पाठभेदांवर. लेखक म्हणतो, लोकगीताचं मूळ असं काही नसतंच, जितके गळे तितकी रूपं, आणि प्रत्येक रूप खरंच. मी टिपणात लिहिलं, हे मला पटलं, एक गाणं सोडून बाकी सगळ्यांपुरतं. पण मनात किडा शिरला तो शिरलाच. निबंध नात टाइप करून देते. सहाव्या कडव्याच्या जागी ती थांबली आणि म्हणाली, "आजी, दोनच तर ओळी आहेत. तुला जमतात ना अशा. तूच लिही, तू पणजीचीच लेक आहेस. लेखातसुद्धा हेच म्हटलंय." मी दोन दिवस भाजी निवडताना, केस विंचरताना ओळी जुळवत होते. जुळल्या. त्या मी इथे लिहीत नाही, तुझ्यासमोर तर नाहीच. नातीनं टाइप केल्या, वाचून दाखवल्या. काकीनं सांगितलं तेवढं सगळं त्यात होतं, चाल नीट बसत होती, माझं नावही जिथे यायचं तिथेच. इतक्या नेमक्या बसल्या की संध्याकाळपर्यंत मलाच वाटायला लागलं, हेच होतं, माय हेच म्हणत होती. तेव्हा मला भीती वाटली. आणखी दोन दिवस गेले असते तर तुझ्या आवाजात त्या मला ऐकूही आल्या असत्या. मी म्हटलं, "खोड त्या."

"का पण? मस्त आहेत."

"एकदा तिचं होतं ते मी काढलं. आता तिचं नाही ते घालू?"

तिनं खोडल्या. टाइप केलेलं खोडलं की मागे काही राहत नाही, त्या सरांच्या वहीत निदान एक काळी रेघ राहिली असेल. तिथे आता दोन ओळी नुसत्या टिंबांच्या आहेत. खाली मी लिहिलं, "पुढील दोन ओळी मिळाल्या नाहीत. माहितीदाराला त्या गाऊ दिल्या गेल्या नाहीत." आणि शेवटच्या पानावर तुझी माहिती भरली. नाव, तुझं पूर्ण नाव, माहेरच्यासकट. पहिल्यांदाच ते कुठे तरी छापून येतंय, रेशन कार्ड सोडलं तर. वय, नोंद नाही. काम, रोवणी, आणि गाणं. परवानगीच्या रकान्यापाशी मी बसून राहिले. नात म्हणाली, तो सोडला तरी चालतो. मी लिहिलं, घेता आली नाही.

मॅडमनी कच्चा मसुदा वाचला. एवढी लाल पेनाची सवय, पण फक्त एका ठिकाणी खूण केली. मुलीने असं का केलं, हे एका वाक्यात लिहा, वाचणाऱ्याला प्रश्न पडेल. मी तिथल्या तिथे लिहून दिलं, "मुलीला आईच्या बोलीची आणि घरातल्या दुःखाची लाज वाटली." त्यांनी मान डोलावली. वर्गात वाचून दाखवलं तर सगळ्या पोरांनीही डोलावली, एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्या नेमलेल्या लेखांत अशा लाजेवर पानंच्या पानं आहेत, त्यामुळे कोणालाच शंका आली नाही. धूर लागला हे निबंधात सांगायचं असतं. मी सांगितलं, पण दुसऱ्याच चुलीचा.

ही टिपणांची वही उद्या मॅडमना द्यायची आहे. हे मी तिच्याच मागच्या पानांवर लिहिलं आहे. सकाळी ही पानं सुटी करून घेईन आणि तुझ्या पेटीत ठेवीन. पेटी माझ्याकडेच आहे आणि अंगडंही. पोळ्याला मी ते उन्हात टाकते.

लाज नव्हती वाटली, माय. तुझी बोली मला चांगली येत होती आणि त्या दिवशी तर तिच्यामुळेच मला मान मिळत होता. बारा बाया थोरलीचं नाव गात होत्या, एवढंच होतं. ती सहा महिने जगलेली, आणि ती गाण्यात. मी धुऱ्यावर उभी, धडधाकट, तुझी प्रत्येक ओळ सरांना समजावून देणारी, आणि मी गाण्यात नव्हते. मला वाटलं, तिचं झालं की माझं येईल. खरंच मी वाट बघत होते. बायांनी तिची ओळ उचलली, ती संपत आली, तू पुढच्या ओळीसाठी श्वास घेतलास, आणि तेवढाही धीर न निघून मी म्हटलं, सर, हे नका लिहू.